चार नंबरचं पान थंड लागते

नागपूरच्या माणसाची गोष्ट म्हणलं की तुम्ही आधीच पाटावर बसले असान. आता तर्री येईन, मग सावजी येईन, मग पंचेचाळीस डिग्रीचं ऊन, अन् शेवटी संत्रा बर्फीचा डबा. तसं काही नाही. संत्रं येते, पण खायसाठी नाही. अन् मास्तराची गोष्ट म्हणलं की फाटकी चप्पल, वरून कडक आतून लोणी, अन् शेवटच्या पानावर फोटोले हार. तेही नाही. आमच्या सरायची चप्पल दर दिवाळीले नवी राहे, ते वरून जेवढे खडूस तेवढेच आतूनही होते, अन् ते चांगले जिवंत आहेत. परवाच त्यायनं मले मेसेज टाकला, 'मागच्या तुळशीले पाणी जास्त होऊन राहिलं, कमी कर.' मी पाठवलेला फोटो माह्या वाढदिवसाचा होता, तुळस मागं कोपऱ्यात दिसे. केकबद्दल एक शब्द नाही.

मी कुहीचा. झेडपीच्या शाळेत हेडमास्तराचा, कुही-नागपूर बसच्या कंडक्टरचा, मीटर रीडिंगवाल्याचा आवाज काढत काढत मोठा झालो. वनस्पतीशास्त्रात एमेस्सी केली ती झाडायच्या प्रेमानं नाही, दुसरीकडे नंबर लागला नाही म्हणून. मग नागपुरातल्या ज्या कॉलेजात शिकलो, तिथंच सरायच्या प्रोजेक्टवर मदतनीस म्हणून चिकटलो. कॉलेजच्या मागं हिरव्या जाळीचं एक शेड होतं. तिथं सर, मी अन् शेडवरची माळीणबाई, म्हणजे मावशी. त्या कामठीहून शेअर ऑटोनं येत. एवढेच आम्ही तिघं. बाकी सगळी झाडं.

सरायचा आवाज काढायले लय सोपा होता, म्हणूनच लय कठीण होता. जाड नाही, पातळ नाही. घशात सीताफळाची बी अडकल्यासारखा. प्रत्येक वाक्याच्या आधी एक 'हं', अन् वाक्याच्या मधात असा थांबा की फोनवर समोरच्याले वाटे, कटला. मी होस्टेलवर त्यायचा आवाज काढला की पोट्टे खाटेवरून पडत. सरायसमोर कधी काढला नाही. मावशीसमोरही नाही, कारण मावशी सरायले मानत. भांडत रोज, पण मानत.

सरायचा विषय म्हणजे झाडावर संकट आलं की झाड काय करते. पहिल्या तासाले त्यायनं फळ्यावर काही लिहिलं नाही. टेबलाले टेकून म्हणले, "हं. झाडाले... पाय नाही. तुमच्यावर संकट आलं की तुम्ही पुण्याले जाता. झाड कुठं जाईन?"

सगळे हसले. सर नाही हसले.

"जिथं उभं आहे तिथंच त्याले निभवा लागते. मग ते आतल्या आत निरोप पाठवते. मुळाले कळते पाणी संपून राहिलं. पानाले काय माहीत? पान तं वर मजेत आहे. मग मुळं निरोप धाडतात, पानं स्वतःही तो बनवतात, अन् पानाच्या सगळ्या खिडक्या बंद होतात. बारीक बारीक रंध्रं. त्या निरोपाचं नाव अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड. पण तुम्ही त्याले मोठे काका म्हणा. घरात पैपाहुणे कितीही असो, मोठे काका उठले अन् म्हणले 'दारं लावा', की दारं लागतात."

असं त्यायनं झाडाचं अख्खं खानदान लावलं होतं. इथिलीन म्हणजे हवेवर चालणारी आत्या. ती वायू आहे, तिले निरोप्या लागत नाही. पेटीत एक संत्रं सडलं की ती बाकीच्यायच्या कानात जाऊन सांगते, चला, पिका, गळा, आता काही खरं नाही. जास्मोनिक अ‍ॅसिड म्हणजे अळीनं पान कुरतडलं की थाळी वाजवणारा शेजारी. सॅलिसिलिक म्हणजे घरात एक पोरगं आजारी पडलं की बाकीच्यायले आधीच काढा पाजणारी आजी. परीक्षेत एका पोट्ट्यानं खरंच लिहिलं, 'दुष्काळात मोठे काका खिडक्या लावतात.' सरायनं पूर्ण मार्क दिले. बाहेरच्या परीक्षकानं ते कापले, तं सर त्याच्याशी चहाच्या टेबलावर तीन वर्षं बोलले नाहीत.

मे महिन्यात त्यायचा एक तास राहे, त्याले आम्ही भट्टी म्हणत. दुपारी एक वाजता सर वर्गाच्या सगळ्या खिडक्या लावायले सांगत. पंखा बंद. "हं. आता दहा मिनिटं... कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. बाभूळ कूलर लावत नाही. ती हेच करते." दहा मिनिटांनी विचारत, काय कळलं. एकदा मी म्हणलो, "सर, बंद करून पाणी वाचते, पण भूकही लागते अन् अंगही तापते." सरायनं माह्याकडे बघितलं, जसं कोणी भंगारात चालू रेडिओ सापडल्यावर बघते. दुसऱ्या दिवशी मले शेडवर बोलावलं. माही नोकरी अशी लागली.

शेडवर सरायचा दिवस काठीनं सुरू होये. एका बांबूले त्यायनं आपली जुनी बनियान गुंडाळली होती. सकाळी सकाळी रोपायच्या ओळीवरून ती हळूच फिरवत, इकडून वीस वेळा, तिकडून वीस वेळा. रोपाले रोज थोडा धक्का बसला की ते उंच पळत नाही, बुटकं अन् दणकट होते, असं त्यायचं म्हणणं, अन् ते खरंही होते. पण मनीषनगरात आपल्या घराच्या गच्चीवरही ते तेच करत. शेजारची एक बाई आपल्या रडक्या पोराले कडेवर घेऊन आली अन् म्हणली, "काका, याच्यावरूनही एकदा फिरवून देता काय?" सरायनं शांतपणे फिरवली. वीस वेळा इकडून, वीस वेळा तिकडून. पोरगं चूप झालं. त्या दिवसापासून सर कॉलनीत बदनाम झाले, म्हणजे चांगल्या अर्थानं.

अन् दुपारी एक वाजता गाल. सर प्रत्येक झाडापाशी जात, एक पान हळूच उचलत अन् गालाले लावत. पानाचं तापमान मोजायचं मशीन होतं आमच्याकडे, महागाचं. ते मी लावो. सर आधी गाल लावत, आकडा सांगत, मग मी मशीनवर बघो. खिडक्या उघड्या असल्या की पानातून पाणी उडते, पान थंड लागते. खिडक्या बंद, तं पान गरम. एवढंच. पण गाल चुकलेला मी कधी बघितला नाही. मशीन दोनदा दुरुस्तीले गेलं.

आता त्या हिवाळ्याचं सांगतो, कारण सगळं त्यातच झालं.

संत्र्याच्या बागेले ताण देतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोराले माहीत आहे. हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडायचं. पानं गुंडाळतात, पिवळी पडतात, थोडी गळतात. झाडाले वाटते आता आपलं काही खरं नाही. मग एक दिवस पाणी सोडायचं, की अख्खं झाड फुलानं पांढरं. लवकर पाणी सोडलं तं फूल कमी. उशीर झाला तं झाडच जाते. बरोबर दिवस कोणता, हे जो तो बापाच्या अंदाजानं ठरवते. सरायले तो दिवस पानातूनच वाचायचा होता. मोठ्या काकांचा निरोप किती वाढला, पान किती तापलं की पाणी सोडायचं. बारा झाडं, निळ्या ड्रमात लावलेली. सहा पाण्यावर, सहा ताणावर. सर मे महिन्यात रिटायर होणार होते. त्यायच्याकडे हा एकच हिवाळा उरला होता.

अन् या हिवाळ्याच्या मधात मावशी उभ्या होत्या, हातात लोटा घेऊन.

मावशीले ताण पाहवत नव्हता. जेवल्यावर डब्याचं पाणी, हात धुतल्याचं पाणी, बाटलीतलं उरलेलं, सगळं चुकून ताणाच्या ड्रमाकडे जाये.

"बाई," सर म्हणत, "तुम्ही हात... तिकडे धुवा."

"झाड रडून राहिलं साहेब."

"रडत नाही. खिडक्या लावून बसलं आहे."

"तुमची पोरगी असती अशी खिडक्या लावून बसलेली, तं तुम्ही गाल लावून बघत बसले असते काय?"

"हं. तिले मी... बारावीत असताना बघितलंच आहे."

शेवटी सरायनं ताणाच्या ड्रमाभोवती सुतळी बांधली. मावशी सुतळीच्या आत हात घालत नव्हत्या. पण बाहेर बसून चार नंबरच्या झाडाशी बोलत. चार नंबर सगळ्यात छोटं होतं. मावशी त्याले धाकटी म्हणत.

दुसरा नियम प्लास्टिकचा. शेडवर फक्त जाळी होती, पाऊस आला तं सरळ आत. म्हणून प्लास्टिकची मोठी ताडपत्री गुंडाळून ठेवलेली. आदल्या वर्षी मावशीनं नुसते ढग बघून ती टाकली, मग ऊन निघालं, अन् आतल्या वाफेनं तीन रोपं भाजून निघाली. तवापासून हुकूम होता. सर स्वतः सांगतील तेव्हाच प्लास्टिक, नाही तं हात लावायचा नाही.

जानेवारीत चुलतबहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता म्हणून मी कुहीले गेलो. सर त्याच दिवशी अकोल्याले, एका पोरीची तोंडी परीक्षा घ्यायले. परीक्षा सुरू झाली की सर फोन बंद करत, अन् पोरगी पास होईस्तोवर, नाही तं रडेस्तोवर, उघडत नव्हते. दुपारी मी मांडवात पुऱ्या वाढून राहिलो होतो, अन् आभाळ काळं झालं. अवकाळी. गारा नाही, पण पाणी पक्कं. नागपूरकडे तोंड करून बघितलं तं तिकडे याहून काळं.

मी सरायले लावला. बंद. मावशीले लावला.

"मावशी, प्लास्टिक टाका. पाऊस येऊन राहिला."

"साहेब म्हनले काय?"

"साहेबांचा फोन बंद आहे. मी सांगून राहिलो ना."

"तू कोन हायेस गा सांगनारा? मागच्या वक्ती भाजले तं शिव्या मी खाल्ल्या. साहेब म्हनतीन तं टाकतो."

फोन ठेवून दिला. पंधरा दिवसांचा ताण, सरायचा शेवटचा हिवाळा, अन् माह्या हातात पुऱ्यायचं टोपलं. मी टोपलं खाली ठेवलं. माह्या फोनची रिंग मावशी ओळखत, म्हणून मामाचा फोन घेतला, गोठ्याच्या मागं गेलो. मावशीले नंबर वाचता येत नव्हता, त्या आवाजानंच माणूस ओळखत.

"हं. बाई. प्लास्टिक..."

"हॅलो? साहेब? कटला काय?"

"नाही कटला. प्लास्टिक टाका. आत्ता. चारही कोपऱ्यांवर विटा ठेवा."

"टाकतो साहेब. लगेच टाकतो."

इथं फोन ठेवायचा होता. कोणत्याही शहाण्या माणसानं ठेवला असता. पण नकला करणाऱ्याची एक खोड राहते. समोरचा फसला की त्याले अजून थोडं फसवावं वाटते. अन् तेवढ्यात मावशी हळूच म्हणल्या, "साहेब, एक विचारू काय? धाकटीचं पान पार नळीसारखं झालं. एक गिलास देऊ काय? एकच."

खरे सर असते तं काय म्हणले असते, हे मले तोंडपाठ होतं. पण सरायनं त्या बाईले एवढ्या वर्षांत कशालेच हो म्हणलं नव्हतं. माह्या घशातली बी जरा सरकली.

"हं," मी म्हणलो, "द्या."

मावशी म्हणल्या, "बरं साहेब," अन् त्या एवढ्या गोड म्हणल्या की मी गोठ्यामागं उभ्या उभ्या स्वतःवरच खूश झालो.

पाऊस आला. प्लास्टिकनं झेललं. ताणाचे ड्रम कोरडे राहिले, एक सोडून. कारण मावशीचा हिशेब सरळ होता. साहेबानं पहिल्यांदा हो म्हणलं, मग गिलासानं काय द्यायचं? त्यायनं बादली दिली.

दोन दिवसांनी आम्ही सगळे शेडवर. कडक ऊन. दुपारी एक वाजता सर ओळीनं निघाले. एक नंबर, गरम. दोन, गरम. तीन, गरम. चार नंबरचं पान गालाले लावलं अन् ते तिथंच थांबले. पुन्हा लावलं. दुसरं पान घेतलं.

"चार नंबर... थंड लागते."

मी मशीनवर बघितलं. मशीन म्हणे, हो.

"बाई, याले पाणी दिलं काय?"

"दिलं ना," मावशी एकदम अभिमानानं म्हणल्या. "तुम्हीच तं म्हनले फोनवर. प्लास्टिक टाका म्हनले, अन् धाकटीले पानी द्या म्हनले."

मी समोरच होतो. हातात मशीन. तोंड उघडायले एक क्षण होता अन् तो मी घालवला. वाटलं, सर आता ओरडतील, मग मी सांगीन. पण सर ओरडले नाहीत. त्यायनं खिशातून फोन काढला, खालीवर बघितला, पुन्हा खिशात ठेवला.

"हं," ते म्हणले. "म्हणलो असीन."

त्यानंतरचे चार दिवस असे गेले. सरायनं अकोल्याच्या त्या मास्तराले फोन करून विचारलं, मी तुमच्या फोनवरून नागपूरले बोललो होतो काय. तो बिचारा अदबीनं म्हणला, असेल सर. असेल म्हणायले त्याचं काय गेलं. मग सरायनं एक वही केली. कोणाशी काय बोललो, किती वाजता, सगळं लिहायचं. मले दिवसातून तीनदा विचारत, "मी तुले हे आधी सांगितलं काय?" काठी फिरवताना विसाव्या वेळेले थांबत अन् पुन्हा एकपासून मोजत. मोठे काका, आत्या, शेजारी, कोणाचंच नाव घेईनात. सरळ अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड म्हणत, अन् म्हणल्यावर एकदा मनात तपासून बघत, बरोबर म्हणलो काय. पुण्यातल्या आपल्या पोरीले फोनवर म्हणताना मी ऐकलं, "तुह्या आजोबांचंही असंच सुरू झालं होतं."

मी रोज ठरवत होतो की आज सांगतो. रोज मशीन पुसत बसो.

पाचव्या दिवशी सरायनं मले टेबलापाशी बोलावलं. समोर शेडची किल्ली अन् एक कागद.

"हं. हे काम मी... बंद करतो. चार नंबर नाही, सगळंच. ज्याले आपलं बोलणं आठवत नाही त्यानं आकडे लिहू नये. कोणी विश्वास काहून ठेवावा? विभागात देऊन टाक हे."

बारा ड्रम, एक हिवाळा, अन् तो माणूस किल्ली माह्याकडे सरकवून राहिला होता. मले बोलायचं होतं, पण माहा आवाजच निघेना. खरंच निघेना. मग जो निघाला तो काढला.

"हं. बाई. प्लास्टिक... टाका. चारही कोपऱ्यांवर विटा ठेवा."

सरायनं मान वर केली. बाहेर मावशी झाडून राहिल्या होत्या, झाडू थांबला.

"पुन्हा," सर म्हणले.

मी पुन्हा म्हणलो. विटांसकट. मग शेवटचं 'हं, द्या' पण म्हणलो.

"मी नव्हतो?"

"नाही सर."

"नक्की?"

"मामाच्या फोनवरून. गोठ्यामागून."

सर खुर्चीत मागं टेकले अन् त्यायनं डोळे मिटले. मले वाटलं आता हसतील. खांद्यावर हात ठेवतील. सांगितलं ना, तसं काही नाही. त्यायनं डोळे उघडले अन् मले अर्धा तास, मधात एकदाही न थांबता, धुतलं. त्यायच्या बोलण्यातला तो थांबा कुठं गेला होता देव जाणे.

"गाढवा, चार दिवस मी सकाळी उठून स्वतःच्या पोरीचा वाढदिवस आठवून पाहिला. चार दिवस मी किराण्याच्या दुकानात यादी वाचून उभा राहिलो की हे मीच लिहिलं काय. प्लास्टिक टाकलं ते चांगलं केलं, त्याचे आभार घे, अन् ते खिशात घालून चूप बस. चार नंबरचं मले काही नाही, पाच झाडावरही काम होते. पण तू समोर उभा होता. मशीन हातात घेऊन समोर उभा होता अन् मले म्हणू दिलं, म्हणलो असीन. तुले माहीत होतं अन् तू आकडे लिहून घेत होता. मुळाले माहीत असूनही वर निरोप न देणारं झाड मी आजवर बघितलं नाही. असतं तं ते मेलं असतं, अन् मरायलेच पाहिजे. वही आण. पहिल्या पानावर लिही, काय केलं. तारीख टाक. सही कर. अन् आता उद्यापासून काठी तू फिरवशीन, वीस अन् वीस, अन् मोजणं मी करीन."

किल्ली त्यायनं परत खिशात टाकली. कागद फाडला. मी वहीत लिहिलं, सही केली, अन् मान खाली घालून बाहेर आलो. वाटलं, झालं, संपलं.

बाहेर मावशी झाडू टेकून उभ्या होत्या. धाकटीच्या ड्रमापाशी.

"ऐकलं मी सगळं," त्या म्हणल्या. "म्हनजे साहेबानं हो म्हनलंच नव्हतं."

"नाही मावशी. चुकलो."

"मी घरी जाऊन सांगितलं सगळ्यायले. साहेबाले दया आली म्हनून. चार दिवस मी त्या मानसाले डब्यातली भाजी देऊन राहिलो, त्याच्या त्या एका शब्दापायी." मावशी कधी नाही एवढ्या हळू बोलून राहिल्या होत्या. "बरं, मले एक सांग. धाकटीले पानी द्या, हे कोनाच्या मनातलं होतं? साहेबाच्या का तुह्या?"

"माह्याच."

"मग आपल्या आवाजात काहून नाही सांगितलं, हरामखोरा? प्लास्टिकचं नसतं ऐकलं मी तुह्यं. पान्याचं ऐकलं असतं."